यू मुंबा कुठे अडखळली?

कर्जत-खालापुरात कबड्डीचा विषय निघाला की यू मुंबाच्या चढाईपटूंवर खापर फुटतंच. प्रो कबड्डीच्या पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी, २०१५ ला विजेतेपद. आणि आठव्या, नवव्या, दहाव्या हंगामात मात्र बाद फेरीही नाही. तरी खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय. चढाई एकट्याची, पकड सगळ्यांची. कोपऱ्यातल्या बचावपटूने घोटा धरला की त्याच श्वासात शेजारच्या कव्हरने धडक द्यायला हवी. क्षणभर उशीर झाला की दोघंही बाहेर. दरवर्षी माणसं बदलून ही जुळणी कशी जमणार?

पुणेरी पलटणने अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं टिकवली आणि मार्च २०२४ ला करंडक नेला. कोणी म्हणेल, २ कोटी ३५ लाखांचा बचावपटू शादलू होता ना! होता, पण त्याच्याआधीच्या हंगामातही पलटण अंतिम फेरीत होतीच. तेव्हा फझल अत्राचली होता, हेही मान्य (आधी आपल्याच यू मुंबाचा कर्णधार, काय बोलणार!). तो गेला तरी संघ मोडला नाही. अकराव्या हंगामात यू मुंबा बाद फेरीत आली ती फक्त अजित चौहानच्या चढायांमुळे नव्हे. सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल ही गुजरातकडून एकत्र खेळलेली कव्हरजोडी मागे उभी होती.