एका कोयत्यातले दोन मजूर

कामाच्या ठिकाणचा भेदभाव हा विषय निघाला, की आपल्या दृष्टीसमोर बहुधा मुंबई-पुण्याच्या कचेऱ्या उभ्या राहतात. आणि ज्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसांचे कामाचे ठिकाण म्हणजे दुसऱ्याचे शेत किंवा परमुलखातला उसाचा फड, त्या जिल्ह्याला या चर्चेशी काय कर्तव्य, असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे विचारतात. वस्तुतः मजुरीतील स्त्री-पुरुषभेद निषिद्ध ठरविणारा 1976 चा समान वेतन कायदा शेतमजुरांनाही लागू होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेने ते तत्त्व कायम ठेवले आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानेही असंघटित क्षेत्र वगळलेले नाही: जिथे दहापेक्षा कमी माणसे राबतात, किंवा जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे सामान्यतः तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो.

दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे. पुरुषाचे काम जड, बाईचे हलके, म्हणून रोजात फरक असणे स्वाभाविक, असे बांधावर उभे राहून सहज सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावाही नसतो. परंतु कायद्याची कसोटी निराळी आहे. काम तेच किंवा त्याच स्वरूपाचे आहे काय, त्याला लागणारे कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी आहे काय, एवढेच ती पाहते. सोयाबीनची काढणी एकाच पट्ट्यात, एकाच वेळी, सारख्याच विळ्याने चाललेली असताना संध्याकाळी रोज मात्र दोन दरांनी वाटला जातो, त्याला या कसोटीवर कोणते समर्थन उरते, ते मला सापडलेले नाही.

शेतीच तोट्यात, मग समान मजुरी परवडावी कशी, हा प्रश्न वेदनेतून येतो आणि त्या वेदनेचा मी अनादर करीत नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये, मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्त्री-लघुलेखिकांच्या वेतनाच्या खटल्यात, मालकाची आर्थिक अडचण ही असमान वेतनाची सबब होऊ शकत नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. बाईला बरोबरीचा रोज दिला तर गड्याचा रोज खाली येईल, ही भीतीही निराधार आहे. समता साधण्यासाठी कोणाचाही दर कमी करण्यास 1976 च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली होती.

आणि ही सारी कल्पना बाहेरून आणून लादलेली आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी 1972 चा दुष्काळ आठवावा. मराठवाड्याच्या माळरानांवर नालाबांधाची आणि खडी फोडण्याची कामे निघाली, तेव्हा त्यांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या आणि 1977 मध्ये कायद्याचे रूप घेतलेल्या रोजगार हमी योजनेत मजुरीचा दर स्त्री-पुरुषांना एकच होता. मोजमाप कामाचे होई, आणि हजेरीपटावर स्त्रीचे स्वतःचे नाव चढे. ते नाव ही माझ्या मते दराहूनही मोठी गोष्ट होती.

कारण हीच स्त्री दसरा-दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघते, तेव्हा मुकादमाच्या वहीत ती नाहीशी होते. वाशी, भूम, कळंब या भागांतून जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो; एकट्या माणसाचा अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा किंवा सही त्याची, आणि हंगामाअखेरचा हिशेबही त्याच्याशीच. दोघांना मिळून पैसे मिळतात, मग भेद कुठे, असे म्हणणाऱ्याने तिचा एक दिवस पाहावा. पहाटे अंधारात ती कोपीवर भाकरी थापते. मग फडात ऊस तोडते, पाचट सोलते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन, फळीवरून तोल सांभाळीत, गाडीत चढविते. मासिक पाळीत किंवा आजारपणात ती बसली, तर खाडा धरून दंड कापला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला समिती नेमावी लागली, ती याच जीवनक्रमाची भयंकर परिणती होती. कागदावर नाव नसल्यामुळे अपघाताची भरपाई आणि प्रसूतिलाभ मागताना, आपण मजूर होतो हेच तिला आधी सिद्ध करावे लागते. वास्तविक रोजंदारीवरील, हजेरीपटावरच्या स्त्रियांनाही प्रसूतिलाभाचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच दिलेला आहे.

उचल घेतली म्हणजे हंगाम संपेपर्यंत तोंड उघडण्याचा अधिकार गेला, असे टोळीतली माणसे स्वतःच मानतात. हेही खरे नाही: अगाऊ रकमेपोटी माणसाला बळाने राबवून घेणे हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याची अंमलबजावणी ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र देण्याची व्यवस्थाही आता आहे. टोळी निघण्यापूर्वी कुटुंबातील स्त्रीचे ओळखपत्र तिच्या स्वतंत्र नावाने मागून घ्यावे, उचलीच्या करारावर दोघांच्याही सह्या असाव्यात, आणि टनामागे मिळणाऱ्या रकमेतील तिचा निम्मा हिस्सा तिच्याच बँक खात्यात जमा व्हावा.