आईऐवजी आलेली मुलगी

मी एका नगरपालिकेच्या शाळेत तासिका तत्त्वावर सहावीला गणित शिकवते. हजेरी घेताना एका मुलीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करायची माझ्या हाताला सवयच झाली होती. आठवड्याला एक-दोन दिवस ठरलेले. विचारलं तर ‘ताप होता’, ‘पाहुणे आले होते’.

एक-दोन दिवस म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण गणित विणकामासारखं असतं, मैत्रिणींनो. एक टाका गळला की पुढच्या ओळी उसवत जातात. पाचवीत छेद समान करायला शिकवलं तेव्हा ही नव्हती. त्यामुळे १/४ आणि १/२ ची बेरीज ती खुशाल २/६ लिहायची. आणि तोंडी विचारा, “पाव किलो नि अर्धा किलो मिळून किती गं?” पोरगी पटकन ‘पाऊण’ म्हणायची! मुलगी ढ नव्हती, वर्गात नव्हती एवढंच.

श्रावणातल्या एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मागच्या गल्लीतल्या वहिनींकडे सवाष्ण म्हणून गेले. मोरीत भांड्यांचा आवाज. पाहते तो हीच!

“बाई, आईची कंबर धरलीय,” ती खाली बघून म्हणाली.

“गुणी आहे हो पोर, आईपेक्षा लख्ख घासते,” वहिनी कौतुकानं म्हणाल्या.

मी काय बोलणार? दिवाळीत आमच्या मावशींनीही थोरलीला धाडलं होतं, आणि मी तिच्या हातावर लाडू ठेवून निर्धास्त झाले होते.

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. पण आईच्या बदली आलेल्या मुलीला आपण ‘ठेवलेली’ समजतच नाही ना! त्यातून महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. फेरपरीक्षेतही नापास झालं, तर त्याच वर्गात बसावं लागतं. आठवीत ही मागे राहिली तर पुन्हा शाळेची पायरी चढेल का, ही माझी धास्ती.

आमच्या मावशींना मी सांगून टाकलं, “जमलं नाही तर निरोप धाडा, मुलीला पाठवू नका. पैसे कापणार नाही.” त्या दिवशी आमच्याकडे खिचडी, आणि भांडी ह्यांच्याकडे! (कुरकुर होते, पण घासतात.) वहिनींनाही गळ घातली. आधी जरा फुगल्या, मग कबूल झाल्या.

हल्ली महिन्यात एखादीच दांडी असते. परवाच्या चाचणीत त्या बेरजेपुढे तिनं आकडा न घालता अक्षरात ‘पाऊण’ लिहिलं होतं. मी पूर्ण गुण दिले.