खांदे टेकले की नाही?

‘एक जिल्हा, दोन महाराष्ट्र केसरी’, एवढंच सांगून संपादकांनी पिटाळलं. 2025 चा कुस्तीचा हंगाम अहिल्यानगरने तसाच पाहिला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाडिया पार्कवर कुस्तीगीर संघाची 67वी स्पर्धा आटोपली आणि पृथ्वीराज मोहोळने गदा खांद्यावर घेतली. मार्चअखेर कर्जतला कुस्तीगीर परिषद या दुसऱ्या संघटनेने आपली स्पर्धा भरवली. तिथे वेताळ शेळके केसरी झाला.

1961 साली औरंगाबादला दिनकर दह्यारी या किताबाचे पहिले मानकरी ठरले. आता गादी आणि माती या विभागांतून एकेक पैलवान वर येतो आणि गदेसाठी दोघे भिडतात. फुटबॉलच्या लीगमध्ये आज हरलेला संघ पुढच्या सामन्यात गुण भरून काढतो. इथे वर्षभराचे जोर, बैठका आणि खुराक सहा मिनिटांच्या लढतीवर लागतात. त्यातही चितपट झाली की गुणफलक बघायचं कारणच उरत नाही.

म्हणून मला पैलवानापेक्षा पंचाचं काम भारी वाटलं. नगरच्या एका निवृत्त पंचांनी ते करूनच दाखवलं. सतरंजीवर पालथे पडले, गाल जमिनीला लावला आणि एक डोळा मिटला. “पाठ बघायची नाही. पाठीखालचा उजेड बघायचा,” ते म्हणाले. खालचा पैलवान मानेवर पूल करून उठत असतो, वरचा छातीने दाबत असतो. एक खांदा टेकलेला दिसला, तरी दुसरा पंचाच्या नजरेआड असतो. बाजू बदलायला जावं तर तेवढ्यात पहिला सुटतो. शिवाय दोन्ही खांदे नुसते शिवून भागत नाही, क्षणभर दाबून धरलेले दिसावे लागतात. म्हणून मधल्या पंचाचा एकट्याचा शब्द चालत नाही. बाजूच्या किंवा टेबलावरच्या पंचाने होकार दिला, की मगच हात गादीवर आपटतो आणि शिट्टी वाजते.

वाडिया पार्कवर सगळं अडलं ते याच क्षणावर. गादीच्या अंतिम लढतीत मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल लागला. खांदे टेकलेच नव्हते, अशी राक्षेची तक्रार. तो आधीचा केसरी. संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून निघून गेला. संघाने दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली.

लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण पैलवानाच्या उमेदीतली तीन वर्षं म्हणजे थोडकी नव्हेत, आणि ज्या निकालावरून हे घडलं त्याची शंका तशीच राहिली. दाद मागावी तर कुणाकडे? एका संघटनेचा निकाल दुसरीवर बंधनकारक नाही. 2023 च्या नोव्हेंबरातही असेच दोन केसरी झाले होते: धाराशिवला राक्षे केसरी, फुलगावला सिकंदर शेख. गावच्या फडात निकाली कुस्ती चितपट होईस्तोवर चालते, आणि निकालाला चारी बाजूंनी बसलेलं गाव साक्षी असतं. गादीवर ती साक्ष कॅमेऱ्याने द्यायची. विजेत्याला थार गाडी देण्याची ऐपत असलेल्या स्पर्धेने आधी चारी कोपऱ्यांत कॅमेरे लावावेत, ते चित्रण दोन्ही पैलवानांच्या वस्तादांना तिथल्या तिथे दाखवावं आणि निकालावर दाद ऐकणारी एकच समिती दोन्ही संघटनांनी मिळून नेमावी. केसरी दोन झाले तरी चितपटीचा कायदा एकच हवा.