घाट उतरताना ब्रेक का दगा देतो?

मुळशी धरण मागे टाकून तुम्ही ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरत आहात. मोटार आहे जुनी प्रीमियर पद्मिनी. माणसांसह तिचे वजन १,२०० किलोग्रॅम आणि उतार ५०० मीटरचा धरा. पायथ्यापर्यंत सुमारे ५९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा खर्च होते. नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर तिची बहुतेक उष्णताच होणार. एवढ्या उष्णतेने २० अंशांवरचे १७ लिटर पाणी उकळीला येईल!

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आतून शू बाहेरच्या बाजूस दाबले जातात. ड्रम तापला, की प्रसरण पावून शूपासून दूर सरतो. लायनरचे घर्षणही घटते. पेडल खोल जाते, मोटार मात्र आवरत नाही. म्हणून घाटात खालचा गिअर हवाच.

जुन्या मोटारींचे हौशी मालक पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतात. उघडी तबकडी वाऱ्याने लवकर निवते. पण एवढ्याने भागत नाही. फिरता ड्रम शूला ओढून स्वतःच घट्ट दाबतो. ही फुकटची मदत तबकडीकडून मिळत नाही. मग पायाचा जोर वाढवा, नाही तर इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर जोडा. आणि पुढच्याच चाकांना का? ब्रेक लागताच भार पुढे येतो. एसटीत उभे असताना तुम्हीही पुढेच झुकता की!