पोलिसांचे पोट आणि पोलिसांचा दम

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचे असेल तर पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि श्वास घेतल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर फुगावी लागते. मैदानावर पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. शिवाय दोघांनाही १०० मीटरची धाव आणि गोळाफेक असते. यासाठी खेड्यापाड्यांतील मुलेमुली पहाटे उठून महिनोन्‌महिने तयारी करतात. पुढे प्रशिक्षण केंद्रातील कवायतीने शरीर आणखी कसते. भरती होताना पोलीस आपल्या वयाच्या इतर तरुणांपेक्षा बहुधा जास्त तंदुरुस्त असतो. पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीनंतर मात्र त्यांपैकी अनेकांचे पोट सुटलेले, रक्तदाब वाढलेला आणि जिना चढताना धाप लागलेली, असे चित्र दिसते. हा बदल आळसातून आला, असा समज सर्रास आढळतो. नोकरीचे तास, झोप, जेवणाच्या वेळा आणि भारतीय शरीराची घडण यांचा एकत्र विचार केला की त्याची खरी कारणे दिसू लागतात.

चरबी किती आणि कुठे

चरबी शरीराला हवीच असते. पेशींची आवरणे, मज्जासंस्था आणि संप्रेरके यांसाठी पुरुषाच्या शरीरात वजनाच्या सुमारे ३ टक्के आणि स्त्रीच्या शरीरात सुमारे १२ टक्के चरबी अत्यावश्यक मानली जाते. त्याहून जास्तीची चरबी हा ऊर्जेचा साठा असतो. हा साठा त्वचेखाली असला तर त्याचा त्रास तुलनेने कमी होतो. पोटाच्या पोकळीत यकृत, स्वादुपिंड आणि आतडी यांच्याभोवती साठणारी चरबी अधिक घातक असते. ती मेदाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत राहते. त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, यकृतात चरबी साठते आणि मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांची वाट मोकळी होते.

नुसत्या वजनावरून ही चरबी कळत नाही. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलून त्यांच्या शरीराची घनता काढली. उंची-वजनाच्या तक्त्यांनुसार यांतील बरेच खेळाडू सैन्यसेवेसाठी अपात्र ठरले असते. प्रत्यक्षात त्यांचे जादा वजन स्नायूंचे होते. आज सर्वत्र वापरला जाणारा बीएमआय हा निर्देशांकही याच अडचणीत सापडतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. त्यामागचे सूत्र बेल्जियमचे गणितज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले, ते लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी. एका माणसाच्या शरीरात चरबी किती आणि स्नायू किती, हे त्यावरून समजत नाही.

भारतीयांच्या बाबतीत या मर्यादेला आणखी एक पदर आहे आणि तो उलगडण्याचे मोठे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय सडपातळ असूनही अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही ठेवण भारतीयांमध्ये वारंवार आढळते. म्हणूनच जागतिक पातळीवर अतिवजनाची रेषा बीएमआय २५ वर आखली असली, तरी भारतीयांसाठी ती २३ वर आणि लठ्ठपणाची रेषा २५ वर धरावी, असे भारतीय तज्ज्ञांनी सुचवले आहे.

पोटातील चरबीचा अंदाज घेण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे मोजपट्टी. सरळ उभे राहून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध घेर मोजायचा. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची पातळी समजली जाते. पँटच्या मापावर विसंबता येत नाही, कारण सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधला की पोट वाढूनही तेच माप वर्षानुवर्षे चालते. त्वचेची घडी चिमटीत धरून मोजणारे कॅलिपर, अंगातून सौम्य वीजप्रवाह सोडणारी यंत्रे आणि क्ष-किरणांवर चालणारी डेक्सा तपासणी यांनी चरबीची टक्केवारी काढता येते. त्यांपैकी डेक्सा अधिक अचूक, पण खर्चिक आहे. वीजप्रवाहाच्या यंत्रांचे आकडे शरीरातील पाण्याप्रमाणे बदलतात. दिवसभर उन्हात बंदोबस्त करून आलेल्या माणसाचा आकडा त्यावर चुकू शकतो.

नोकरीच पोट वाढवते

‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती-सीएसडीएस’ यांच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतातील पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात आणि सुमारे निम्म्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. गणेशोत्सव, आषाढी वारी, निवडणुका, मोर्चे आणि मंत्र्यांचे दौरे यांत हे तास आणखी लांबतात. चौदा तासांच्या कामात प्रवास आणि घरची कामे मिळवली तर व्यायामाला वेळ उरत नाही आणि झोपही अपुरी पडते. यातले बरेचसे काम एका जागी उभे राहण्याचे, गाडीत बसण्याचे किंवा ठाण्यात कागदपत्रे लिहिण्याचे असते. अंग थकते, पण हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांना बळ देईल असा व्यायाम त्यातून घडत नाही. दिवसभर उभे राहणाऱ्याला आपण पुष्कळ हालचाल केली असे वाटते आणि त्याची गफलत तिथेच होते.

अपुऱ्या झोपेचा परिणाम थेट भुकेवर होतो. झोप कमी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते. अशा वेळी मन गोड आणि तळलेल्या पदार्थांकडे ओढ घेते. सततच्या ताणाने वाढणारे कॉर्टिसॉल चरबीचा साठा पोटाकडे वळवते. रात्रपाळीत शरीराचे घड्याळ झोपेची वेळ सांगत असते आणि जेवण मात्र तेव्हाच होते. त्या वेळी साखर हाताळण्याची शरीराची क्षमता कमी असते. अमेरिकेत बफेलो शहरातील पोलिसांचा तिथल्या विद्यापीठातील जॉन व्हायोलांटी आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. रात्रपाळी करणाऱ्या आणि कमी झोपणाऱ्या पोलिसांत पोटाचा घेर, रक्तदाब, साखर व रक्तातील मेद यांचे बिघाड एकत्र आढळण्याचे प्रमाण त्यांना अधिक दिसले.

बंदोबस्ताच्या ठिकाणी हाताशी असतात ती वडापाव, भजी, बिस्किटे आणि चहा. चहाचाच हिशेब पुरेसा बोलका आहे. दिवसात सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हटले तर सुमारे ४८ ग्रॅम साखर पोटात जाते. दोन हजार कॅलरींच्या आहारात वरची साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे जेवणाचा घास घेण्याआधीच मर्यादा जवळजवळ संपते.

दम का हवा

पोलिसाचे काम तासन्‌तास संथ चालते आणि अचानक क्षणात पेट घेते. पळणाऱ्या चोराचा पाठलाग, जमावाशी झटापट, पुरात अडकलेल्याला उचलून आणणे, यांत हृदयाचे ठोके काही सेकंदांत दुपटीच्या वर जातात. अमेरिकेत १९८४ ते २०१० या काळात कर्तव्यावर अचानक हृदयविकाराने झालेल्या ४४१ पोलिसांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या साध्या कामाच्या तुलनेत झटापटीच्या वेळी असा मृत्यू येण्याचा धोका ३४ ते ६९ पट, पाठलागात ३२ ते ५१ पट आणि शारीरिक सरावात २० ते २३ पट आढळला. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या असतील तर असा एक प्रसंगही जीवघेणा ठरू शकतो.

तंदुरुस्तीचे घटक पाच आहेत: दम, स्नायूंची ताकद, ती टिकवून धरण्याची क्षमता, लवचिकता आणि शरीरातील चरबीचे प्रमाण. त्यांत दमाचे महत्त्व विशेष आहे. जास्तीत जास्त श्रमात शरीर दर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकते, यावरून तो मोजतात. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये त्यासाठी सोपी चाचणी दिली: १२ मिनिटांत किती अंतर धावता येते ते पाहायचे. ब्रिटनमधील पोलिसांना दरवर्षी १५ मीटरच्या पट्ट्यात ‘बीप’च्या तालावर येजा करावी लागते. ५:४ ही किमान पातळी गाठली, तर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरण्याची क्षमता आहे, असे मानतात. कूपर यांच्या डॅलस येथील संस्थेतील अभ्यासांतून एक दिलासाही मिळाला. वजन जास्त असूनही दम चांगला असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सडपातळ पण दम नसलेल्यांपेक्षा कमी होते. वजनाचा काटा हलण्याआधीच व्यायामाचा लाभ सुरू होतो.

बडगा आणि वेळापत्रक

आसाम पोलिसांनी मे २०२३ मध्ये कडक धोरण जाहीर केले. सर्व अधिकारी-कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांची मुदत देऊन १५ ऑगस्टनंतर बीएमआय मोजायचा, ३० च्या वर असलेल्यांना वजन घटवायला आणखी तीन महिने द्यायचे आणि नंतरही फरक न पडल्यास स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय पुढे करायचा, अशी ती योजना होती. थायरॉईडसारख्या आजारांना तीत सूट होती आणि पहिली मोजणी स्वतः पोलीस महासंचालकांची व्हायची होती. महाराष्ट्राने बक्षिसाचा मार्ग धरला. बीएमआय मर्यादेत ठेवणाऱ्या पोलिसांना महिन्याला २५० रुपयांचा भत्ता देण्याची पद्धत इथे रुजली. दोन्ही मार्गांनी विषयाकडे लक्ष वेधले. पण निर्देशांकाच्या आकड्यावर सगळा भर ठेवला की स्नायूदार पोलीस दोषी ठरू शकतो आणि सडपातळ, पण पोटात चरबी साठलेला सुटू शकतो. नोकरी जाण्याच्या भीतीने महिन्या-दोन महिन्यांत उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही झडतात आणि चरबी परत येते.

मुळाशी जाणारा प्रयोग मुंबईत झाला. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली आणि नंतर ती इतर ठाण्यांतही नेण्यात आली. पुढे राज्यातील महिला पोलिसांसाठीही आठ तासांच्या कामाचे आदेश निघाले. मनुष्यबळ अपुरे असल्याने आणि बंदोबस्त वाढत असल्याने हे वेळापत्रक टिकवणे अवघड जाते. तरीही पोलिसांच्या आरोग्यासाठी याहून परिणामकारक औषध दुसरे नाही, कारण झोप, घरचे जेवण आणि व्यायाम या तिन्ही गोष्टींना लागणारा वेळ त्यातूनच निघतो.

वेळ मिळाल्यावर करायचे काय, हे ठरलेले आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे झपझप चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढे प्रौढांसाठी पुरेसे मानले जाते. दंड, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना ना यंत्र लागते, ना व्यायामशाळा. बराच काळ व्यायाम सुटलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या हवालदाराला मात्र एकाएकी १६०० मीटर पळवणे धोक्याचे असते. त्याची आधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी व्हावी, सुरुवात चालण्याने व्हावी आणि वेग आठवड्या-आठवड्याने वाढावा. डब्यात भाकरी, उसळ, कोशिंबीर आणि मूठभर शेंगदाणे असले की बाहेरच्या तळणाची गरज घटते. बंदोबस्तावर पाणी, ताक आणि फळे पुरवणे प्रशासनाच्या हातात आहे. वार्षिक तपासणीत वजनाबरोबर कमरेचा घेर आणि वयानुसार बेतलेली दमाची चाचणी नोंदवली, तर बिघाड वर्षानुवर्षे लपून राहणार नाही.

अपेक्षाही माफक ठेवता येतात. लठ्ठ व्यक्तीचे वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी रक्तदाब आणि साखर यांत स्पष्ट सुधारणा होते. ९० किलोच्या पोलिसासाठी याचा अर्थ साडेचार ते नऊ किलो. सहा महिने ते वर्षभरात, नोकरी सांभाळून हे साधू शकते. त्यासाठी पोलिसाने नियमितपणा द्यावा आणि खात्याने त्याला झोपेचे, जेवणाचे व व्यायामाचे तास परत द्यावेत. यांतली एक बाजू जरी ढिली पडली, तरी दुसरीच्या प्रयत्नांना यश येणे कठीण आहे.