बारा हजार किलोमीटर आणि रोटी घाट

तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसमार्गे उंडवडीकडे निघते, तेव्हा रोटी घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. घाट लांबीला मोठा नाही, पण चढ आपला वेळ घेतोच. म्हणून वारीचा हिशेब मुक्कामांत होतो, किलोमीटरमध्ये होत नाही. लांबच्या विमानप्रवासाचा हिशेबही असाच वेळेत मांडावा, असे माझे ठाम मत आहे. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, आणि तेही पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजले तर. हा दोरा भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेसारखा पश्चिमेला जात नाही. तो पाकिस्तान, रशियावरून थेट आइसलंडच्या बाजूला चढतो आणि मग खाली उतरतो. ताशी ९०० किलोमीटरने भागले की चौदा तासांच्या जरा आत उत्तर येते. हे उत्तर जाताना खोटे ठरते आणि येताना वेगळ्या तऱ्हेने खोटे ठरते.

कारण वारा. उत्तर गोलार्धात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. कोणी म्हणेल, जाताना आडवा आलेला वारा येताना पाठीशी असतो, मग फिटंफाट होतेच की! होत नाही. वाऱ्याचा सरासरी जोर ताशी ८० किलोमीटर धरा. जाताना सव्वापंधरा तास लागतील, येताना पावणेतेरा. दोन्ही मिळून अठ्ठावीस तास होतात. वारा नसता तर त्याहून बारा-तेरा मिनिटे कमी लागली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते, त्यामुळे तोटा पुरता भरून निघत नाही. पृथ्वी फिरते म्हणून जाण्या-येण्याच्या वेळांत फरक पडतो, ही समजूतही चुकीची आहे. विमान ज्या हवेत तरंगते ती हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते. म्हणून उड्डाणाची आखणी करणारे दर वेळी वाऱ्याचा ताजा अंदाज घेतात आणि प्रसंगी दोऱ्यापेक्षा लांब, पण वेळेला जवळची वाट निवडतात.

वाट निवडणे तरी पूर्णपणे त्यांच्या हाती कुठे असते? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मग इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. दोन विमानतळांमधले अंतर मात्र इंचभरही वाढले नव्हते.

एवढे असूनही, तिकिटावरचे तास तरी खरे धरावेत, असे म्हणता येईल. ते तास विमान जागचे हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचे असतात, आणि तेवढ्यापुरते खरेही असतात. पाटसच्या माणसाला मात्र पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून न्यूयॉर्कचे थेट विमान नाही. यवत, हडपसर, द्रुतगती मार्ग असे दोनशे किलोमीटरच्या वर रस्त्याने मुंबई गाठायची आणि विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे जाणारा वेळ यात धरलेला नाही. मध्यरात्री एकच्या विमानासाठी त्याला संध्याकाळी पाचच्या आतच घर सोडावे लागते.