सर्वांत हळू गाडी सर्वांत पुढे

आपल्या वस्त्यांत स्कूटर हौसेखातर कधी आली नाही. ती आली कामासाठी. पहिल्या पाळीला वेळेवर पोचायचे, मंडईतून भाजीची पोती आणायची, मुलांना शाळेत सोडायचे आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे, यासाठी. बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली. आकुर्डीच्या कारखान्यात ती तयार होत होती, पण विकत घेणाऱ्याला नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. ज्यांच्या दारात ती आली त्यांनी तिला घरातल्या माणसासारखे जपले. पुढे गिअरची कटकट नसलेल्या स्कूटर आल्या आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या आपल्या बहिणींनी हँडल हातात घेतले. हा बदल लहान नाही.

पण एक गोष्ट राहून गेली. कामाशिवायही स्कूटर बाहेर काढावी, चार मित्रांनी मिळून मोकळ्या रस्त्याने जावे, हे आपल्या मनाला फारसे शिवलेच नाही. सहल म्हणजे पैसेवाल्यांचे काम, अशी समजूत. दुसरीकडे आपली तरुण मुले रॅली म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय असते? सायलेन्सर काढलेली गाडी, एकेका गाडीवर तिघे-तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही आणि कोण पुढे जातो याची चढाओढ. वाचकहो, या दोन्ही समजुती मोडायला हव्यात. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही पिंपरीहून मावळात काढलेल्या एका छोट्या रॅलीची हकिकत येथे देत आहे.

सहा स्कूटर, बारा माणसे

आम्ही सहा स्कूटरवर बारा जण होतो. कारखान्यातला एक फिटर, पालिकेतले दोघे सफाई कामगार, एक टेम्पोचालक, अंगणवाडीतली मदतनीस ताई, दोन कॉलेजची मुले आणि बाकी घरची मंडळी. पाच गाड्या आताच्या, विनागिअरच्या. सहावी एका काकांची जुनी चेतक, नोंदणीचे नूतनीकरण करून रस्त्यावर ठेवलेली. तिला पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून द्यावे लागते, लिटरला २० मिली. मुले तिला 'आजी' म्हणून चिडवत होती.

शनिवारी दुपारी निघायचे, कामशेतजवळ एका मित्राच्या सासुरवाडीला मुक्काम करायचा आणि रविवारी अंधार पडायच्या आत घरी परतायचे, असा बेत होता. जायचे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे प्रत्येकाला माहीत असलेले बरे.

निघण्याआधी फिटर भाऊंनी सगळ्यांना उभे करून नियम सांगितले. सर्वांत हळू गाडी सर्वांत पुढे राहील. सर्वांत अनुभवी माणूस पाना, पंप आणि पंक्चरचे सामान घेऊन सर्वांत मागे राहील. दोन गाड्यांत अंतर ठेवायचे, शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायचे नाही. रस्ता वळला की मागची गाडी दिसेपर्यंत वळणावरून हलायचे नाही.

ताई शहराबाहेर पहिल्यांदाच गाडी घेऊन निघाल्या होत्या. त्यांचा वेग चाळीसच्या पुढे जाईना. म्हणून त्याच पुढे. कॉलेजची मुले कुरकुरली, "मामा, असं गेलं तर रात्र होईल." फिटर भाऊ म्हणाले, "होऊ दे. सगळे एकत्र पोचू."

हा नियम साधा आहे, पण त्यामागे विचार आहे. वेगवान गाडी पुढे असली की मागचा घाबरतो, गाठण्यासाठी जमत नसताना वेग वाढवतो आणि तिथेच घात होतो. हळू चालणारा पुढे असला की कुणीच मागे पडत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास दुचाकीवरची होती. दुचाकी ही मुख्यतः कष्टकऱ्याची गाडी आहे. तेव्हा हे मरण कुणाच्या घरात शिरते, हे वेगळे सांगायला नको.

आजीचे दहा मिनिटांचे काम

पहिला थांबा देहूरोडचा. येथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. वंदना करून पुढे निघालो. तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचा बंगला आहे, तोही मुलांना दाखवला. ज्या रस्त्याने आपण रोज बसमधून पेंगत जातो, त्याच रस्त्यावर आपला इतिहास उभा आहे. थांबल्याशिवाय तो दिसत नाही.

वडगाव ओलांडले आणि काकांच्या चेतकचे मागचे चाक बसले. मुलांना हसू आवरेना. पण पुढचा प्रकार पाहून ती गप्प झाली. व्हेस्पा जातीच्या स्कूटरचे चाक एकाच बाजूने अडकवलेले असते. इटलीतल्या पियाजिओ कंपनीची व्हेस्पा १९४६ साली निघाली. ती आखणारे कोराडिनो दास्कानिओ हे मुळात विमानांचे इंजिनिअर होते. त्यांनी चाक असे बसवले की रस्त्यातच सहज निघावे. चेतक त्याच घराण्यातली. काकांनी गाडी आडवी केली, नट सोडले, स्टेपनी चढवली आणि दहा मिनिटांत आजी पुन्हा चालू. मग काकांनी मुलांना विचारले, "तुमच्या गाडीची स्टेपनी कुठे आहे?" आताच्या बहुतेक स्कूटरना ती नसतेच. म्हणून ट्यूबलेस टायरचे पंक्चर किट आणि छोटा पंप जवळ असलाच पाहिजे.

रात्री सासुरवाडीच्या मंडळींनी पिठले-भाकरी, ठेचा आणि इंद्रायणी भात वाढला. अंगणात गप्पा रंगल्या. कुणाच्या पिशवीत बाटली नव्हती, आणि ती नसल्यामुळे कुणाची मजा कमी झाली नाही. लोणावळ्याकडे जाणारी शनिवार-रविवारची गर्दी पाहिली की पाचवे शील वाहन चालवणाऱ्यासाठी किती मोलाचे आहे, हे पटते.

तेही डबल सीटच

रविवारी सकाळी धुके असतानाच बेडसे लेणी गाठली. कामशेतहून पवना धरणाच्या बाजूला वळले की हा रस्ता लागतो. येथे गर्दी नसते. चैत्यगृहासमोरच्या उंच खांबांवर घोडे, हत्ती, बैल कोरले आहेत आणि त्यांवर जोडीजोडीने स्त्री-पुरुष बसले आहेत. ताई वर पाहत म्हणाल्या, "हे तर आपल्यासारखेच, डबल सीट!" सगळे खळखळून हसले.

मग कार्ले. खडकात कोरलेले भारतातले सर्वांत मोठे चैत्यगृह येथे आहे. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकल्या आहेत. पण आम्हांला थांबवले ते ब्राह्मी लिपीतल्या लेखांनी. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव तेथे आहे, तसेच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. त्याने दरवाजा घडवला. अत्तरे विकणाऱ्या सिंहदत्ताचेही नाव आहे. भिक्षुणींची नावे आहेत. कल्याण, सोपारा या बंदरांतून बोरघाट चढून येणारा व्यापारी रस्ता याच बाजूने जात होता. त्या रस्त्याने चालणाऱ्या, हाताने काम करणाऱ्या माणसांनी आपल्या कमाईतून हे उभे केले. आमच्यातले सफाई कामगार दादा बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. म्हणाले, "सुताराचं नाव राहिलं की हो."

शेवटी मळवली स्टेशनजवळ रेल्वे ओलांडून भाजे. येथे बावीस लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली. एका जागी चौदा स्तूप एकत्र आहेत. त्यांतल्या काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. मुलांना एकच सांगितले: दान देणाऱ्यांची नावे येथे आहेत. आपण खिळ्याने आपले नाव कोरून ती बुजवायची नाहीत.

सूर्य मावळायच्या आत सहाच्या सहा गाड्या पिंपरीत होत्या. ताईंची पहिली, फिटर भाऊंची शेवटची.

तुम्ही निघाल तेव्हा

खर्च फार नाही. सगळे फिरणे शे-सव्वाशे किलोमीटरचे. एका स्कूटरला तीन लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभरीपुढे धरला तरी माणशी दीड-दोनशे रुपये. कार्ले आणि भाजे येथे पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते, ते वेगळे. डबा घरचा.

पण काही गोष्टींत काटकसर करू नका. हेल्मेट आयएसआय खुणेचे हवे, चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला कायद्याने ते सक्तीचे आहे. त्याहून लहान मूल असेल तर त्याच्यासाठी सुरक्षा पट्टा आणि लहान हेल्मेट हवे, आणि वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही, असा नियम २०२३ पासून लागू आहे. खरे तर एवढ्या लहान मुलाला घेऊन लोकलने मळवलीला यावे, हेच शहाणपणाचे. तिसरा माणूस गाडीवर बसवू नका.

निघायच्या आदल्या दिवशी ब्रेक, टायरची हवा, दिवे, इंडिकेटर तपासा. जुनी गाडी असेल तर क्लच वायर आणि प्लग जवळ ठेवा. स्कूटरचे चाक लहान असते. मोटारसायकल सहज पार करते तो खड्डा स्कूटरला पाडू शकतो. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची खोड अनेकांना आहे, ती सोडा. इंजिन चालू असले की तेही गाडीला थोडे रोखून धरते. बंद केले की सगळा भार ब्रेकवर येतो.

पावसाळ्यात मावळ सुंदर दिसतो, पण पाण्याशी खेळू नका. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारच होते. नव्याने जाणाऱ्यांनी हिवाळ्यातला रविवार निवडावा.

बंधु-भगिनींनो, वस्तीत बसून असा बेत आखाल तेव्हा कुणाची गाडी किती पळते हे विचारू नका. आपल्यात सर्वांत हळू कोण चालवते, ते आधी विचारा. त्याला किंवा तिला पुढे ठेवा आणि निघा. जय भीम!